मिरजेतलं स्किन क्लिनिक, बायकांची केसगळती आणि हार्मोन्स : आमच्या घरातल्या तिघींचा अनुभव

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली लिहिलंय. क्लिनिकचं आणि डॉक्टरांचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण मला कुणाची जाहिरात करायची नाही. तिथे तपासणी कशी झाली, काय विचारलं, काय टाळलं हे मला सांगायचंय, म्हणजे तुम्ही सांगलीत असा, लातुरात असा नाहीतर परदेशात, तुमच्या डॉक्टरकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळेल. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही हे सगळ्यांना माहितीय, पण केस गळतात म्हणून गेलेल्या बाईला पाच मिनिटात शाम्पू, सिरम आणि गोळ्यांची पट्टी देऊन बाहेर काढणारे पण तिथेच आहेत. त्यामुळे हे क्लिनिक मला वेगळं वाटलं.

आमच्या घरातल्या तिघी इथे दाखवून आलो. मी (वय ३३, एक मुलगा), आई (५८) आणि वहिनी, जिचं बाळ तेव्हा चार महिन्यांचं होतं. तिघींची तक्रार एकच, केस गळतात. तिघींचं कारण हार्मोन्सशी जोडलेलं निघालं, आणि तरी तिघींना तीन वेगळे सल्ले मिळाले, एकीला तर जवळपास काहीच औषध दिलं नाही. मी साडेचार स्टार देतेय ते ह्याच गोष्टीसाठी.

डॉक्टर मॅडम एमडी स्किन आहेत. खुर्चीत बसल्यावर मला वाटलं आधी डोकं बघतील, पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पाळीचा. किती दिवसांनी येते, मध्ये कधी दोन दोन महिने चुकते का, पहिल्यांदा कितव्या वर्षी आली, रक्तस्राव जास्त असतो का. मग हनुवटीवर जाड केस येतात का, तोंडावर पिंपल्स अजून येतात का, वजन पोटावर वाढलंय का, मानेवर काळसर मखमली पट्टा आहे का (तो त्यांनी स्वतः बघितला), गर्भनिरोधक गोळ्या घेता का, नुकत्याच बंद केल्या का, मागच्या तीन-चार महिन्यात डेंग्यू, टायफॉइड, ऑपरेशन, मोठं डाएट असं काही झालं का, आईचे केस कसे आहेत, वडिलांचे कसे आहेत. एवढं सगळं विचारून झाल्यावर मग केस सोडायला सांगितले. तीन-चार महिन्यांपूर्वीचं का विचारतात ते पण त्यांनी समजावलं. आपल्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात, त्यातला प्रत्येक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवडे थांबण्याच्या बेतात असतो, मग साधारण ३ महिने नुसता विश्रांतीत बसतो आणि गळतो. रोज ५० ते १०० केस गळणं ह्या हिशोबात नॉर्मलच आहे. पण शरीराला मोठा धक्का बसला की वाढणारे खूप केस एकदम विश्रांतीत जातात आणि ते गळतात दोन-तीन महिन्यांनी, तोपर्यंत आपण तो ताप विसरलेलो असतो आणि दोष देतो नव्या शाम्पूला नाहीतर बोअरच्या पाण्याला.

मग तपासणी. पन्नास-साठ केसांची बट बोटात धरून हलकेच ओढली, पाच-सहाच्या वर केस हातात आले तर गळती आत्ता जोरात चालू आहे असं समजतात. माझे जास्त आले नाहीत. मग मधला भांग पाडून बघितला, नंतर मागच्या बाजूचा. पुढचा भांग रुंद, मागचा नेहमीसारखा. मग छोटा कॅमेरा डोक्यावर टेकवून स्क्रीनवर दाखवलं. हे मी पहिल्यांदाच बघत होते. एकाच जागेत एक केस जाड, शेजारचा बारीक, त्याच्या शेजारचा नुसती लव. मॅडम म्हणाल्या, “ताई, तुमचे केस गळतायत त्यापेक्षा बारीक होतायत हा खरा प्रॉब्लेम आहे.” हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. मी कंगव्यातले केस बघत राहिले आणि खरी गोष्ट भांगात चालली होती.

आता हार्मोनचा भाग, आणि हा मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण मैत्रिणींमध्ये ह्याबद्दल फार उलटसुलट बोललं जातं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचं हार्मोन म्हणतात पण ते बाईच्या शरीरात पण असतं, बीजकोशात आणि किडनीच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीत तयार होतं, प्रमाण कमी असतं एवढंच. केसाच्या मुळाशी एक एन्झाइम असतं, ५-अल्फा रिडक्टेज, ते ह्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं जास्त जोरदार हार्मोन बनवतं. ज्या मुळांना हे डीएचटी सोसत नाही (हे अनुवंशिक असतं, आईकडून पण येतं आणि वडिलांकडून पण) त्यांचा वाढीचा काळ दर फेरीला कमी कमी होतो, आणि केस दर फेरीला आधीपेक्षा बारीक येतो. माझं सासर शेतकरी, हे मॅडमना बोलता बोलता कळलं होतं, तर त्यांनी उदाहरण दिलं उसाचं, लागणीचा ऊस जाड, खोडवा त्याहून कमी, निडवा अजून कमी, बुडखा तोच पण दर वेळी ऊस बारीक. मला एका वाक्यात सगळं समजलं.

पुरुषांचं हे प्रकरण १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं, वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले होते त्या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. बायकांमध्ये मात्र चित्र तितकं सरळ नाही. बायकांना पुढची केसांची रेषा सहसा शाबूत राहते आणि मधला भांग रुंद होत जातो, १९७७ मध्ये लुडविग नावाच्या डॉक्टरने ह्याच्या तीन पायऱ्या मांडल्या, आजही डॉक्टर त्याच वापरतात. माझी पहिली पायरी आहे. पुढची रेषा का टिकते, तर बायकांच्या तिथल्या मुळांत अरोमाटेज नावाचं दुसरं एन्झाइम जास्त असतं जे टेस्टोस्टेरॉनला इस्ट्रोजेनकडे वळवतं, असं ह्याचं एक स्पष्टीकरण आहे.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. असे केस विरळ झालेल्या बहुतेक बायकांचं रक्तातलं टेस्टोस्टेरॉन नॉर्मल येतं. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून “तुम्हाला काही झालं नाही, टेन्शन घेऊ नका” हे वाक्य चुकीचं आहे, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून हार्मोनचा संबंध नाही असंही नाही, कारण मुळंच नाजूक असतील तर नॉर्मल प्रमाणाने पण त्यांना त्रास होतो. माझं एकूण टेस्टोस्टेरॉन नॉर्मलच आलं. पण पाळी अनियमित, हनुवटीवर केस, त्यामुळे मॅडमनी अजून दोन गोष्टी बघायला लावल्या, एसएचबीजी आणि तीन महिन्यांची साखर. एसएचबीजी हे यकृतात तयार होणारं प्रथिन, ते टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवतं. रक्तात इन्सुलिन वाढलेलं असलं की यकृत हे प्रथिन कमी बनवतं आणि बीजकोश टेस्टोस्टेरॉन जास्त बनवतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी मोकळं हार्मोन वाढतं. माझं एसएचबीजी कमी निघालं आणि साखर ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या त्या मधल्या पट्ट्यात, जिथे डायबेटीस अजून नाही पण वाटेवर आहे. मग त्यांनी गायनॅककडे पाठवलं, सोनोग्राफी झाली, पीसीओएस ठरलं (हार्मोन्सचा तोल बिघडून पाळी अनियमित होते तो आजार). जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे मूल होण्याच्या वयातल्या १० ते १३ टक्के बायकांना पीसीओएस असतं आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना ते आहे हेच माहिती नसतं. मी त्यातलीच एक होते, आणि मला ते कळलं स्किनच्या डॉक्टरकडे.

टेस्टबद्दल क्लिनिकची अजून एक गोष्ट आवडली, लॅबचं मोठं हेअर फॉल पॅकेज लिहून दिलं नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) सगळ्यांना, बाकीचं ज्याच्या त्याच्या लक्षणाप्रमाणे. हार्मोनच्या टेस्ट पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात द्या असं तारीख घालून सांगितलं, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर टेस्टोस्टेरॉनच्या रिपोर्टवरून काही ठरवता येत नाही हे पण. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेलं लोह, हिमोग्लोबिन ठीक असूनही हे तळाला गेलेलं असू शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय बायकांना ॲनिमिया होता, म्हणजे हार्मोनच्या मागे धावताना लोह विसरून चालणार नाही. जेवताना चहा घेऊ नका, लोह अंगी लागत नाही, हे सांगितल्यावर आईने पहिल्यांदाच जेवणानंतर लगेचचा चहा पुढे ढकलला.

बायोटिनचं (हे बी गटातलं एक जीवनसत्त्व) पण इथेच कळलं आणि हे प्लीज सगळ्यांनी वाचा. केसांसाठीच्या गमीज आणि गोळ्यांमध्ये बायोटिनचा डोस मोठा असतो आणि तो रक्ताच्या काही टेस्ट बिघडवतो. थायरॉइडच्या काही पद्धतींच्या टेस्टमध्ये टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर हे थायरॉइडचं हार्मोन खोटं जास्त दिसू शकतं, म्हणजे थायरॉइड जास्त काम करतंय असा खोटा रिपोर्ट. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१७ मध्ये ह्याबद्दल इशारा दिलाय, हार्ट अटॅकसाठी करतात ती ट्रोपोनिन टेस्ट पण ह्याने चुकू शकते. माझी मावसबहीण अशाच गमीज खात होती आणि तिचा थायरॉइडचा रिपोर्ट असाच विचित्र आला होता. मॅडमनी गमीज काही दिवस बंद करून परत टेस्ट करायला लावली, टीएसएच व्यवस्थित. खरं तर थायरॉइड कमी असो वा जास्त, दोन्हींत केस गळतात, कमी असेल तर केस कोरडे राठ होतात आणि भुवयांचा बाहेरचा भाग विरळ होतो, त्यामुळे ती टेस्ट हवीच, पण नीट झालेली हवी.

माझी ट्रीटमेंट. गायनॅककडून मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी आणि वजनाचं मार्गदर्शन, पण क्रॅश डाएट अजिबात नाही, कारण झटक्यात वजन उतरवलं की तीन महिन्यांनी केस वेगळे गळतात. स्किनच्या मॅडमकडून डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल ५ टक्के, रोज रात्री एकदा. ह्या औषधाचा रिव्ह्यू वेगळाच लिहायला पाहिजे इतकं मला सांगायचंय. हे मूळचं ब्लड प्रेशरचं औषध, १९७९ मध्ये अमेरिकेत गोळी म्हणून आलं, पेशंटच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा डोक्याला लावून बघायचं सुचलं. १९८८ मध्ये पुरुषांसाठी लोशन मंजूर झालं, १९९१ मध्ये बायकांसाठी २ टक्क्यांचं, आणि ५ टक्क्यांचा फोम बायकांसाठी मंजूर व्हायला २०१४ उजाडलं. हे हार्मोनवर काम करत नाही, मुळाचा वाढीचा काळ लांबवतं. म्हणजे हार्मोनचं मूळ कारण चालू असेल तर दोन्हीकडून काम करावं लागतं हे लक्षात घ्या.

मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या दोन ते आठ आठवड्यात केस जास्त गळतात. जास्त! विश्रांतीतले केस ढकलून नवे यायला लागतात म्हणून. मॅडमनी हे चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, “गळती वाढेल, बंद करू नका”, आणि ती चिठ्ठी मी आरशाला चिकटवली होती, कारण त्या दिवसात उशी बघून रडू येत होतं. ज्यांना हे आधी कुणी सांगत नाही त्या नेमकं तेव्हाच औषध फेकून देतात आणि “मला सूट झालं नाही” म्हणतात. फरक दिसायला ४ ते ६ महिने लागतात, केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटरच वाढतो, त्याच्या पुढे कुठलं औषध धावणार. आणि बंद केलं की जे मिळालं ते काही महिन्यात परत जातं. मला लोशनने खाज सुटली, त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं त्याने होतं म्हणून फोमवर बदललं, तो महाग आहे पण खाज थांबली. झोपायच्या बऱ्याच आधी लावा आणि वाळू द्या, नाहीतर उशीवरून तोंडाला लागतं आणि गालावर लव वाढते. गरोदर असाल, दूध पाजत असाल तर लावायचं नाही. आणि घरात मांजर असेल तर खूप सांभाळा, मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी आहे, चाटण्यातून जीव जाऊ शकतो. आमच्या मनीला आता माझ्या उशीवर झोपायला बंदी आहे, हात साबणाने धुतल्याशिवाय तिला उचलत नाही.

काही महिन्यांनी स्पायरोनोलॅक्टोन जोडलं. ही गोळी लघवी होण्यासाठीची आणि प्रेशरची, पण ती मुळाशी पुरुषी हार्मोनला अडवते. द्यायच्या आधी मॅडमनी मला आणि नवऱ्याला दोघांना बसवून विचारलं, मूल हवंय का, कारण ही चालू असताना गरोदर राहिलं आणि मुलगा असेल तर त्याच्या अवयवांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे गर्भनिरोधक पक्कं पाहिजे. प्रेशर मोजलं, पोटॅशियमची टेस्ट केली. मला सुरुवातीला थोडी चक्कर यायची, पाळी थोडी पुढेमागे झाली, ते कळवल्यावर डोस बदलला. मैत्रिणीची चिठ्ठी बघून ही गोळी मेडिकलमधून आणणाऱ्या बायका मी बघितल्यात, माझी हात जोडून विनंती आहे, असं करू नका.

माझा रिझल्ट : भांग आधीपेक्षा अरुंद दिसतो, कॅमेऱ्यात बारीक केसांच्या जागी जाड केस जास्त दिसले. कॉलेजच्या वेणीएवढे केस आले नाहीत आणि मॅडमनी तसं कबूल पण केलं नव्हतं. “आहेत ते टिकवायचे आणि जमतील तेवढे जाड करायचे,” एवढंच म्हणाल्या होत्या, तेवढं झालंय आणि मी समाधानी आहे.

आईचं वेगळं. पाळी जाऊन दहाएक वर्षं झाली, तेव्हापासून हळूहळू विरळ होत गेले. ती येतच नव्हती, “ह्या वयात कुणाला दाखवायचेत केस” म्हणून. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन एकदम खाली येतं, पुरुषी हार्मोन त्या मानाने हळूहळू कमी होतात, त्यामुळे तोल बिघडतो आणि घराण्यात असेल तर भांग रुंद होतो. मॅडमनी तिला विचारलं, “काकू, हे वर्षानुवर्षं झालं की थोड्या महिन्यात?” कारण ह्या वयात केस झपाट्याने गेले, सोबत दाढीमिशीसारखे केस आले, आवाज घोगरा झाला तर बीजकोशात किंवा ॲड्रिनलमध्ये गाठ तर नाही ना ते बघावं लागतं. मग भुवया बघितल्या, कपाळाची रेषा बघितली. पाळी गेलेल्या बायकांमध्ये एक प्रकार असतो ज्यात कपाळाची रेषा मागे सरकत जाते, भुवया जातात आणि त्वचेवर व्रण होऊन मुळंच कायमची मरतात, तिथे लवकर ओळखणं हाच उपाय. आईला ते नव्हतं. आईला प्रेशरच्या गोळ्या चालू, म्हणून मिनॉक्सिडिलची गोळी (आता कमी डोसमध्ये देतात) तिला थेट न देता आधी तिच्या फिजिशियनशी बोलून या म्हणाल्या, आणि तोवर लावायचं औषध. आईला कुणीतरी तिच्या केसांबद्दल एवढं गंभीरपणे विचारलं ह्याचंच जास्त बरं वाटलं. परतताना बसमध्ये म्हणाली, मला आधी का नाही आणलंस. साठीकडे झुकलेल्या बाईला तिचे केस गेले ह्याचं दुःख होत नाही असं आपण सगळ्यांनी धरून चाललोय, ते मला फार लागलं.

वहिनी तर घाबरून आली होती, न्हाणीघराची जाळी तुंबेल एवढे केस. गरोदरपणात इस्ट्रोजेन खूप वाढलेलं असतं, ते केसांना वाढीच्या अवस्थेत धरून ठेवतं, म्हणून त्या दिवसात केस दाट होतात. बाळंतपण झालं की हार्मोन धाडकन उतरतं आणि नऊ महिने थांबलेले केस दोन ते चार महिन्यांनी एकदम गळायला लागतात. आमची आजी म्हणायची, बाळ आईला बघून हसायला लागलं की आईचे केस गळतात, आणि वेळेचा हिशोब बघा, बरोबर त्याच महिन्यांचा आहे. मॅडमनी तिचं फेरिटिन आणि टीएसएच बघितलं (बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतं म्हणून), लोहाची गोळी चालू ठेवायला सांगितली, अळिवाचे लाडू आवडत असतील तर खुशाल खा म्हणाल्या, आणि लावायला काहीही दिलं नाही. “सहा महिने ते वर्षात आपोआप येतील, वर्ष झाल्यावरही नाही आले तर या.” फी घेतली ती एकदाची, पुढची अपॉइंटमेंट पण दिली नाही. कपाळावर आता बारीक बारीक नवे केस उभे राहिलेत तिच्या.

ह्याच्या उलट अनुभव आम्हाला एका हेअर सेंटरमध्ये आला होता, मिरजेच्या आधी. तिथे रक्ताची एक टेस्ट न करता, पाळीचा एक प्रश्न न विचारता, मोबाईलवर फोटो काढून पीआरपीच्या (आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग डोक्यात टोचतात ते) सिटिंगचं पॅकेज पुढे केलं, ईएमआयचा फॉर्म तयार होता. पीआरपीचा काही जणींना फायदा होतो, मी त्याला थोतांड म्हणत नाही, पण लोह तळाला आहे, थायरॉइड बिघडलंय, पीसीओएस आहे हे न बघता सुया टोचायच्या हे चूक आहे. तिथे कोटवर ट्रायकोलॉजिस्ट, म्हणजे केसांचे तज्ज्ञ, असं लिहिलेलं होतं. ट्रायकोलॉजिस्ट म्हणवणारा प्रत्येक जण डॉक्टर असेलच असं नाही, म्हणून डिग्री बघा, एमडी, डीएनबी किंवा त्वचारोगाचा डिप्लोमा आणि मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर, हे विचारायला लाजायचं कारण नाही.

आणि सगळंच हार्मोन असतं असंही नाही, हे मॅडमनीच बजावलं. गोल चट्टा पडून केस गेले तर ती चाई, तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटलेली असते. रोज घट्ट वेणी, घट्ट बुचडा घालून कानशिलाजवळचे केस जातात ते ओढीने. बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये २०२४ च्या शेवटी आणि २०२५ च्या सुरुवातीला बायकापुरुष लेकरं सगळ्यांचेच केस काही दिवसात गेले होते ते आठवत असेल, त्यात डॉ. हिंमतराव बावस्करांनी सेलेनियम ह्या खनिजाचं शरीरातलं जास्त प्रमाण हे कारण पुढे आणलं, तिथे हार्मोनचा प्रश्नच नव्हता. म्हणून तर आधी विचारायचं, मग बघायचं, मग टेस्ट.

आता अर्धा स्टार कशाला कापला. एक, वेळ. अपॉइंटमेंट असून दीड-दोन तास बसावं लागतं, वहिनीसारखी तान्हं बाळ घेऊन आलेली बाई तिथे कुठे पाजणार ह्याची काही सोय नाही. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, रिसेप्शनवर सगळ्यांसमोर मोठ्याने “कशासाठी आलाय, केस का, पाळी रेग्युलर आहे का” विचारतात. वेटिंगमध्ये पुरुष बसलेले असतात, कॉलेजच्या मुली असतात, एक मुलगी माझ्यासमोर नुसतं “हो” म्हणून गप्प झाली, तिने आत तरी खरं सांगितलं असेल अशी आशा आहे. ज्या क्लिनिकची अख्खी ताकद ह्या प्रश्नांत आहे त्यांनी हे प्रश्न दाराबाहेर विचारून वाया घालवू नयेत. मी हे मॅडमना तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या वेळी कागदी फॉर्म होता पण तो अजून सगळ्यांना देत नाहीत. तीन, गायनॅक आणि स्किन दोघींमधली निरोप्या मीच होते, दोन फायली घेऊन इकडून तिकडे. दोघींनी एकदा फोनवर बोलून घेतलं असतं तर माझ्या दोन चकरा वाचल्या असत्या.

खर्चाचं म्हणाल तर फी मिरज-सांगलीच्या मानाने मध्यम आहे, टेस्टमध्ये पैसे जातात, पण हिमोग्लोबिन आणि थायरॉइड सरकारी दवाखान्यात करून आणलं तरी चालेल असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. मिनॉक्सिडिलचं लोशन जेनेरिक दुकानात बरंच स्वस्त मिळतं, त्याला पण त्यांची हरकत नव्हती, फक्त टक्केवारी बघून घ्या म्हणाल्या. फॉलोअपला महिनाभरात गेलात तर अर्धी फी.

जाणार असाल किंवा तुमच्या गावातल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे दाखवणार असाल तर आदल्या दिवशी डोक्याला तेल लावू नका आणि त्या दिवशी केस धुऊन जाऊ नका, धुतले तर गळायचे ते आधीच गळून जातात आणि ओढून बघायच्या टेस्टमध्ये खरं कळत नाही. मागच्या सहाएक पाळ्यांच्या तारखा लिहून न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या, आयुर्वेदिक आणि गमीजसकट, आणि चार-पाच वर्षांपूर्वीचा भांग दिसेल असा एखादा फोटो मोबाईलमध्ये शोधून ठेवा. शनिवारी जाऊ नका, गर्दी फार असते. मंगळवार-बुधवारी सकाळी गेलात तर मॅडम निवांत बोलतात.